सणाच्या तोंडावर ओव्हन बंद पडला तर

इस्रायलमधल्या अश्दोदहून एका वाचक भगिनीचं पत्र सोमवारी रात्री आलं. थोडक्यात असं :

"मावशी, शुक्रवारी संध्याकाळी रोश हशाना, आपलं ज्यू नवं वर्ष, लागतोय आणि माझा ओव्हन बंद पडलाय. सणाआधी आतून लख्ख व्हावा म्हणून काल रात्री सेल्फ-क्लीन लावलं होतं. सकाळी बघते तर दार उघडेना आणि काही केल्या गरम होईना. मेकॅनिक म्हणतो, सणानंतर येतो. उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालं. सूनबाईचे आईवडील दिमोन्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे दोन दिवस राहायला येताहेत. मंडळी मूळची मोरोक्कोची, विहीणबाई सुगरण. भाजलेली कोंबडी, बटाटे, गोल खल्ला म्हणजे सणाचा पाव, मधाचा केक असा माझा बेत होता. आता सगळं गॅसवर करायचं म्हणजे त्यांच्यापुढे ठेवू काय? हे म्हणतात, नवीन ओव्हन घेऊन टाकू. पण लग्नाचं देणं अजून फिटलेलं नाही. सकाळपासून हातपाय गळाल्यासारखे झालेत."

अगं, हातातले दिवस थोडे आहेत, म्हणून उत्तर लगेच देतेय. आधी ओव्हनचं बघू, मग विहीणबाईंचं. खरी धास्ती तुला दुसऱ्या गोष्टीची आहे हे पत्रावरून कळतंच, पण ओव्हनचा निकाल लागल्याशिवाय तुझं मन स्वयंपाकात लागायचं नाही.

सेल्फ-क्लीनमध्ये ओव्हन आतून साधारण 450 ते 500 अंशांपर्यंत तापतो. रोजच्या भाजण्याच्या दुप्पट म्हण. तेवढ्या उष्णतेत आतला थर्मल फ्यूज उडतो किंवा दाराचं कुलूप अडकतं. सणाच्या आदल्या आठवड्यात असे ओव्हन घरोघरी बंद पडतात. तेव्हा तुझ्या हातून काही मोडलं असं मनात आणू नकोस. दार ओढू नकोस, सुरी घालून उचकटू तर अजिबात नकोस. मेन बोर्डावर ओव्हनचा वेगळा स्विच असतो तो खाली कर, पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू दे, मग वर कर. पुष्कळदा एवढ्यानं कुलूप सुटतं. त्यानंतर घड्याळाचे आकडे लुकलुकत असतील तर आधी वेळ लाव. वीज जाऊन आल्यावर वेळ लावल्याशिवाय बरेच ओव्हन तापतच नाहीत, आणि माणसं मेकॅनिकला बोलावून बसतात. शब्बाथ मोड (शब्बाथ म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठीची सोय) चुकून चालू राहिलाय का तेही बघ, त्यात बटणं दाद देत नाहीत.

एवढं करूनही दिवा लागतो, पंखा फिरतो, पण ऊब नाही, असं असेल तर फ्यूज किंवा खालचा एलिमेंट गेला असं समज. आणि स्विच वर करताक्षणी घराची वीज जात असेल तर पुन्हा एकदाही प्रयत्न करायचा नाही. कुठेतरी करंट गळतोय, स्विच खालीच ठेवायचा, विषय संपला.

मेकॅनिक सणानंतर येतो म्हणाला, तो तू "ओव्हन बिघडलाय" एवढंच सांगितलंस म्हणून. दार उघडलं की चौकटीवर मॉडेल नंबरचं स्टिकर असतं, त्याचा फोटो काढ. दार उघडलंच नाही तर विकत घेतानाचे कागद शोध. फोटो पाठवून सांग, "सेल्फ-क्लीननंतर तापत नाही, दिवा आणि पंखा चालू आहेत, थर्मल फ्यूज किंवा एलिमेंट तुमच्याकडे असेल तर सांगा." अर्ध्या तासाचं काम आहे आणि भाग हाताशी आहे हे कळलं की माणूस दोन घरांच्या मध्ये येऊन जातो. असे दोन-तीन जणांना निरोप टाक. येण्याचे किती, भागाचे किती, हे आधीच विचारून घे. आणि बुधवारी दुपारी बारा वाजेपर्यंत कुणी हो म्हणालं नाही तर ओव्हनचा विचार तिथेच थांबव. गुरुवारी दिवसभर मेकॅनिकची वाट बघत दारात उभं राहण्यात सणाचा निम्मा स्वयंपाक जातो.

नवीन ओव्हन नको. घाईत घेतलेला ओव्हन मापात बसत नाही, बसवणारा माणूस वेगळा लागतो, आणि बसला तरी पहिल्यांदा रिकामा तापवून कारखान्याचा वास घालवावा लागतो. देणं डोक्यावर असताना, बहुधा एका फ्यूजनं चालू होणारी वस्तू बाजूला टाकून हजारो शेकेल घालवायचे हे मला पटत नाही. यांना माझं नाव सांग.

शेजारणीचा ओव्हन मागायला हरकत नाही, पण तिचं घर कोशर, म्हणजे मांस आणि दूध वेगळं ठेवण्याचे आपले आहारनियम पाळणारं, आहे का आणि त्या ओव्हनमध्ये मांस शिजतं की दुधाचं, हे आधी माहीत हवं. शंका असेल तर पदार्थ फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळून ठेवायचा अशी रीत आहे. बटाटे तसे होतात, पण पाव होत नाही, गुंडाळलेला पाव वाफेनं चिकट होतो. शिवाय सणाच्या आठवड्यात तिचाही ओव्हन रिकामा नसणार. मागायचंच तर एका तासासाठी, एकाच गोष्टीसाठी माग.

आता जरा पंचांग बघ. यंदा सणाचा पहिला दिवस शनिवारी आलाय, म्हणजे शब्बाथ आणि रोश हशाना एकत्र. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत तुला शिजवायचंच नाहीये. ओव्हन धडधाकट असता तरी त्या वेळात त्याला हात लागला नसता. सगळं शुक्रवारी दुपारपर्यंत शिजवून प्लात्यावर (अन्न ऊन ठेवणाऱ्या विजेच्या तव्यावर) झाकून ठेवायचं, एवढंच काम होतं आणि एवढंच आहे. पूर्ण सणात ओव्हनचं काम होतं ते बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ. तेवढ्याचीच सोय लावायची आहे.

आणि ती सोय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. अलिबाग-पेणच्या बाजूला आपली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माणसं तेलाचा घाणा चालवायची आणि रोश हशानाला नव्याचा सण म्हणायची, तेव्हा कुणाच्या घरी ओव्हन होता? चूल, तवा, मातीची हंडी आणि झाकणात पाणी. ठाण्याच्या चाळीत तरी कुठे होता? सण तसेच झाले आणि पाहुणेही तृप्त होऊन गेले. तू ठाण्याचीच ना? मग हे तुला मी सांगायला नको. खरं सांगायचं तर तुझा मूळ बेतच मला थोडा खटकला. भाजलेली कोंबडी-बटाटे विहीणबाईंना या देशात कुठेही खायला मिळतील. नारळाच्या दुधातलं मटण, हिरव्या वाटणातला मासा, गव्हाच्या चिकाचा हलवा त्यांना तुझ्याशिवाय कोण वाढणार? त्यांची लेक आता ज्या घरात नांदतेय त्या घरची चव त्यांना कळायला नको?

म्हणून उद्यावर न टाकता आज रात्रीच विहीणबाईंना फोन कर. निरोप मुलाकडून नाही, सुनेकडूनही नाही, तू स्वतः बोल. "ओव्हन बंद पडलाय, त्यामुळे यंदा सगळं आमच्या पद्धतीचं, गॅसवरचं करतेय. खल्ला मात्र तुमच्या हातची आणाल का?" एवढंच, माफी मागायची नाही. सुगरण बाईला काही आणा म्हटलं की तिचा मान राहतो, ती पाहुणी न राहता घरची होते. त्याच फोनवर आणखी एक विचारून घे : काही मोरोक्कन घरांत रोश हशानाला आंबट आणि तिखट वर्ज्य असतं, वर्ष गोड जावं म्हणून. त्यांच्याकडे तसं असेल तर कालवणात चिंच-कोकम घालू नकोस, मिरची कमी कर. हे तू आपणहून विचारलंस की त्यांना तुझी निम्मी ओळख फोनवरच पटेल.

आता पानात काय काय येणार ते बघ. सणाच्या रात्री शकुनाचे पदार्थ मांडायची चाल त्यांच्याकडे आहे तशी आपल्याकडेही आहे : खजूर, डाळिंब, मधात बुडवलेलं सफरचंद, चवळी, लाल भोपळा, पालेभाजी, लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी). यातल्या एकालाही ओव्हन लागत नाही. चवळीची उसळ कर, ओलं खोबरं घालून. भोपळ्याची भाजी कर. लीक बारीक चिरून, उकडून, अंड्यात आणि थोड्या पिठात कालवून तव्यावर वड्या परत, गार झाल्या तरी छान लागतात. डोक्यासकट मासा आण, कारण नव्या वर्षी आपण डोकं व्हावं, शेपूट नाही, ही प्रार्थना दोन्ही घरांची एकच. माशासाठी पसरट पातेलं घे. आणि हेही ध्यानात घे की विहीणबाईंचा स्वतःचा सणाचा मासाही पसरट भांड्यात गॅसवरच होतो, लाल मिरच्या, लसूण, कोथिंबीर आणि भरपूर तेल घालून. तू त्यांच्यापुढे काही कमी प्रतीचं ठेवणार आहेस हे डोक्यातून काढून टाक.

कोंबडी हवीच असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात कर. तुकडे तेलात दोन्ही बाजूंनी चांगले तांबूस होऊ देत, घाई इथेच नडते. मग ते काढून त्याच तेलात उभा कांदा, दालचिनी, वेलची, आलं-लसूण. तळाला बटाट्याच्या जाड चकत्या लाव, वर कोंबडी, झाकणात पाणी ठेव आणि मंद आचेवर पाऊण तास. बटाटे खालून खरपूस होतात आणि कोंबडीचा सगळा रस पितात.

चिकाचा हलवा बुधवारीच करून टाक, फ्रिजमध्ये सणभर टिकतो. गहू तीन दिवस भिजवून चीक काढायला आता वेळ नाही, कॉर्नफ्लॉवरनं कर. 1 वाटी कॉर्नफ्लॉवर, 5 वाट्या नारळाचं दूध, दीड वाटी साखर, चिमूटभर मीठ, आणि 10 ग्रॅम चायना ग्रास वाटीभर पाण्यात भिजवून, उकळून पूर्ण विरघळवलेलं. कॉर्नफ्लॉवर गार दुधातच कालव, गुठळी राहू देऊ नकोस. मग सगळं एकत्र करून मध्यम आचेवर ठेव आणि हात थांबवू नकोस. आधी बराच वेळ काहीच होत नाही. मग अचानक तळाशी दाटपणा लागतो, तिथे आच कमी कर. पांढरा दुधी रंग जाऊन त्याला काचेसारखी झाक येते, बुडबुडे फुटताना जड आवाज करतात आणि कालथा फिरवला की मागे पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो. एवढं व्हायला अर्धा तास धर. वेलची-जायफळ घाल, हवा तर गुलाबी रंग, आणि ताटात ओतून वर बदाम-पिस्त्याचे काप पसर. गार झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात काप. नारळाच्या दुधामुळे तो मांसाच्या जेवणानंतरही चालतो, मधाच्या केकची उणीव कुणाला भासणार नाही. ढवळायला सूनबाईला बोलाव. अर्धा तास एका पातेल्याशी उभ्या राहिलेल्या सासू-सुना आपसूक बोलायला लागतात.

केक हवाच असेल तर "सीर पेले" शोध. या देशात 1949 ते 1959 रेशनिंगचा काळ होता, घरात ओव्हन नसायचे, तेव्हा गॅसवर आणि स्टोव्हवर केक भाजायला बायका हेच भांडं वापरत : मधे भोक असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं गोल भांडं, खाली पत्र्याची चकती, वर भोकांचं झाकण. तुझ्या इमारतीतल्या एखाद्या आजींच्या माळ्यावर नक्की असेल. आधी पाच मिनिटं मध्यम आच, मग एकदम मंद, आणि पाऊण तास झाकण उघडायचं नाही. तेही नाही मिळालं तर आपला कुकर आहेच : तळाला मिठाचा थर, वर कडी, शिट्टी आणि रिंग काढलेली.

खल्ला विहीणबाई आणतील. तरी दुसऱ्या दिवसासाठी घरचा पाव असावा असं वाटत असेल तर अर्धा किलो मैदा, यीस्टचं एक छोटं पाकीट, दोन चमचे साखर, चमचाभर मीठ, चार चमचे तेल, एक अंडं आणि लागेल तसं कोमट पाणी. दुप्पट फुगल्यावर दोन गोल वळ, कारण किद्दुशनंतर (द्राक्षरसावरच्या प्रार्थनेनंतर) हमोत्सीला, म्हणजे पावावरच्या आशीर्वादाला, दोन अख्खे लागतात. तेल लावलेल्या जाड पातेल्यात एकेक ठेवून पुन्हा अर्धा तास फुगू दे. गॅसवर तवा, तव्यावर पातेलं, झाकणाला फडकं गुंडाळून टोकं वर बांधलेली, म्हणजे वाफेचं पाणी पावावर टपकत नाही आणि फडकं आचेजवळ जात नाही. मंद आचेवर पंचवीस मिनिटं, उलटून पंधरा. रंग ओव्हनसारखा येत नाही, पण आतून मऊ होतो. पीठ अर्धा किलोच आहे, त्यामुळे पिठातला एक वाटा (त्यालाही खल्लाच म्हणतात) रीतीप्रमाणे काढून जाळायचा प्रश्न येत नाही. तांदळाची भाकरी मात्र हमोत्सीला चालत नाही, ती कालवणाबरोबर वाढ.

शनिवारच्या दुपारचं अवघड वाटत असेल. नारळाचं कालवण रात्रभर प्लात्यावर ठेवू नकोस, फाटतं आणि चव जाते. ते शुक्रवारी रात्री संपवायचं. शनिवारी दुपारी लीकच्या वड्या, गार मासा, प्लात्यावरची कोंबडी. नाहीतर विहीणबाईंना त्यांची स्खिना, शब्बाथसाठी रात्रभर शिजणारा पदार्थ, त्यांच्याच इलेक्ट्रिक भांड्यात घेऊन यायला सांग. शुक्रवारी प्लगला लावली की शनिवारी दुपारपर्यंत गहू, चणे, अंडी, मांस सगळं मुरून तयार. शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत रविवारची कसलीही तयारी करायची नाही, ताटंसुद्धा मांडायची नाहीत. तारे दिसल्यावर "बारुख हमाव्दिल बेन कोदेश लेकोदेश" हे शब्बाथ संपल्याचं वाक्य म्हण आणि मग फ्रिजमधून पातेली काढून प्लात्यावर ठेव. तेव्हा सण असतो, शब्बाथ नसतो, रस्सा गरम करता येतो. शनिवारी रात्रीच्या सणाच्या मेणबत्त्यांसाठी शुक्रवारीच 48 तासांची एक मोठी मेणबत्ती लावून ठेव, म्हणजे तिच्यावरून पेटवता येतील, नवीन काडी ओढावी लागणार नाही, सणात ती ओढत नाहीत. बारीकसारीक शंका तुमच्या सिनेगॉगच्या राव्हांना (धर्मगुरूंना) विचार, घराघराची रीत वेगळी असते. आणि शब्बाथला शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकत नाहीत, त्यामुळे यंदा तो रविवारीच वाजणार. प्रार्थना लांबेल, पुरुष भुकेले येतील. हलव्याचं एक ताट त्यासाठी राखून ठेव.

एक गोष्ट मात्र कळवळून सांगते. प्लाता, पाण्याचा बॉयलर आणि स्खिनाचं भांडं एकाच एक्स्टेन्शनवर लावू नकोस. दोन रात्री ही उपकरणं घरात माणसं झोपलेली असताना चालू राहणार आहेत. प्रत्येकाला भिंतीतला वेगळा सॉकेट दे. गुरुवारी रात्री सगळं एकदम लावून तासभर बघ, प्लग हाताला गरम लागला तर शुक्रवारी सकाळी जागा बदलायला वेळ मिळेल.

सण झाल्यावर मेकॅनिकला सावकाश बोलाव आणि फ्यूज बदलताना मागचा थंड करणारा पंखा फिरतो का तेही तपासून घे. तो अडकला असेल तर नवीन फ्यूजही पुन्हा उडेल. आणि पेसाखच्या सणासाठी सेल्फ-क्लीन लावायचंच असेल तर त्याआधीचा पुरीमचा सण झाल्याबरोबर लाव. बिघडलाच तर दुरुस्तीला महिना हातात राहतो.